ग्राबोनित्सचा वेल

"आजी, या वेळी वेल छाटू नका म्हणालेत. त्यांना पानं बघायचीत," महापालिकेतली तेजस्विनी फोनवर म्हणाली, आणि मालनबाईंच्या हातातली कोथिंबिरीची जुडी भाजीवालीच्या पाटीत परत पडली. बुधवारचा बाजार होता. गंगेकडून, म्हणजे गोदावरीकडून, येणारा वारा, मागे कुंभमेळ्यासाठी उकरलेल्या रस्त्याची धूळ, पुढे दहा-बारा बायका मेथी निवडत वाकलेल्या. भाजीवाली म्हणाली, "काय झालं मावशी, घ्यायची का नाय?" मालनबाईंनी तिला हातानेच थांब म्हटलं. फोनमध्ये तेजस्विनी बोलतच होती. परदेशातल्या ग्राबोनित्सहून पाहुणे पुढच्या गुरुवारी येणार होते, तिघे जण, त्यात एक वेलींची जाणकार बाई. गेल्या वर्षीच्या पुरात त्यांच्या गावातली ती जुनी भिंत पडली होती आणि भिंतीवरचा चारशे वर्षांचा द्राक्षवेल मुळासकट गेला होता. त्याच्या काड्या त्यांनी जिथे जिथे दिल्या होत्या त्या सगळ्या गावांना त्यांनी लिहिलं, पण कुठेच काही उरलं नव्हतं. उरला होता तो फक्त नाशिकचा. "आपलाच, आजी! आपल्या वेलाच्या काड्या नेऊन ते तिथे परत लावणार आहेत. आणि काड्या तुमच्या हातून काढायच्यात, हे मी साहेबांकडून मंजूर करून घेतलंय." मालनबाई म्हणाल्या, "बरं." पुन्हा एकदा म्हणाल्या, "बरं." मग फोन पिशवीत टाकला, कोथिंबीर न घेताच निघाल्या, आणि बस थांब्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण उलट्या बाजूच्या थांब्यावर उभ्या आहोत.

तो वेल ग्राबोनित्सचा नव्हता. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती, आणि त्यातलं एक नऊ वर्षांपूर्वी गेलं होतं.

बसमध्ये खिडकीशी बसून मालनबाई हाताच्या बोटांकडे बघत राहिल्या. वय सदुसष्ट, बोटांची पेरं सुजलेली, पण नखांच्या कडेची माती निवृत्तीनंतरही गेली नव्हती, कारण दारापुढच्या चार कुंड्यांत त्या अजून रोज हात घालत. महापालिकेच्या बागेत त्यांनी तेहतीस वर्षं नोकरी केली. माहेर मखमलाबादचं, झेंडू आणि शेवंती लावणाऱ्यांचं. पहाटे फुलं तोडून फुलबाजारात टोपल्या उतरवायच्या आणि मग शाळा, असं लहानपण. नवरा बहिरू त्याच बागेत मुकादम. सगळे त्यांना मुकादम म्हणत, म्हणून मालनबाईही घरात मुकादमच म्हणत. ग्राबोनित्स हे नाव मुकादमांना कधी नीट म्हणता आलं नाही. ते ग्राबो म्हणत, मग सगळी बागच ग्राबो म्हणू लागली. शहाण्णव साली ग्राबोची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा दोन शहरांत भगिनी शहरांचा करार झाला. दोघांकडे द्राक्षं, दोघांकडे नदी, म्हणून. भाषणं झाली, ढोलताशे झाले, आणि त्यांच्या महापौरांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या आठ काड्या मुकादमांच्या हातात दिल्या. आठ काड्या, पेन्सिलीएवढ्या. मालनबाईंना आठवत होतं, मुकादमांनी काडी नाकाशी नेऊन वास घेतला होता, आणि तो पाहुणा खूश होऊन हसला होता; त्यालाही तसंच करायची सवय असावी.

ही काडी आपल्या मातीत थेट टिकणार नाही, मुकादम म्हणाले, जंगली द्राक्षवेलाच्या खुंटावर कलम करावं लागेल. त्यांनी खुंट चिरला, काडीला पाचर केली, बसवली, सुतळीने आवळली. आठांतली एक जगली. ती एक काडी त्यांनी दोन वर्षं तळहातावरच्या फोडासारखी सांभाळली. खालचा जंगली खुंट स्वतःच फुटायला बघतो, त्याला जोर जास्त. म्हणून दर आठवड्याला सांध्याच्या खालची फूट बोटाने मोडून टाकायची. हे काम मालनबाईंचं. आणि पाणी, तेही मालनबाईंचं. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात नामपूरला चिमणाबाईच्या, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. दोघेही गेले. मुकादमांनी रजा टाकली, मालनबाईंनी टाकली नाही. रजा थोड्या उरल्या होत्या, मुलाच्या, संतोषच्या, दहावीच्या वर्षासाठी ठेवायच्या होत्या. चारच तर दिवस. जाण्याआधी त्यांनी आळं भरून पाणी सोडलं आणि मनाशी म्हणाल्या, पुरेल. कुणाला सांगितलं असतं तर रजेची गोष्ट निघाली असती. म्हणून कुणालाच सांगितलं नाही. लग्नात त्या दोन दिवस अगदी मजेत होत्या. कांद्याच्या चाळीत जेवणाच्या पंगती बसल्या होत्या आणि चिमणाबाई सगळ्यांना आपल्या अहिराणीत दटावत फिरत होती. एवढी मजा नंतर त्यांनी कुठल्याच लग्नात केली नाही.

परत आल्या तेव्हा पानं हाताला लागताच चुरली. काडी नखाने खरवडली, आत हिरवं नव्हतं. सांध्यापर्यंत खरवडत गेल्या. सांध्याखाली मात्र हिरवं होतं. त्यांनी पाणी दिलं, सावली केली, आणि पंधरा दिवसांनी सांध्याखालून गुलाबी कोंब आला. तो त्यांनी मोडला नाही. रोज सकाळी बोट त्याच्यापाशी जायचं आणि थांबायचं. हिरवं काहीतरी दिसत होतं ना, लोक येऊन बघत होते ना, साहेब विचारत होते ना, काय मालनबाई, ग्राबोची लेक कशी आहे? महिन्याभराने मुकादम एकदा उकिडवे बसले, पान उलटून पाहिलं. ग्राबोच्या पानाला पाच बोटं सुटलेली असत. हे पान गुळवेलीसारखं गोल, खालून पांढरट लव असलेलं. त्यांनी विचारलं, "बघितलंस?" त्या म्हणाल्या, "बघितलं." मुकादमांनी पान सोडून दिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "मग आता ह्योच वाढव." त्या रात्री ते जेवले, झोपले, सकाळी उठले. पुढे अठरा वर्षं त्यांनी त्या गोष्टीबद्दल एक शब्द काढला नाही. मालनबाईंना कधी कधी वाटे, त्यांनी एकदा तरी ओरडायला हवं होतं.

पाहुणे पाच वेळा आले. गायकांचा ताफा, शाळेची मुलं, दोन महापौर, एक अग्निशमन दलाचा साहेब. दर वेळी पत्र आलं की मालनबाई आठ दिवस आधी वेल छाटून मोकळा करत. पान एक ठेवत नसत. पाहुण्यांना स्वच्छ दिसावा म्हणून, असं सांगत. कुणाला नवल वाटलं नाही, कारण पाहुणे नेहमी जानेवारीत येत आणि त्यांच्या देशात जानेवारीत सगळ्या वेली उघड्याच असतात. उघड्या काड्यांपुढे उभं राहून ते फोटो काढत, खोडाला हात लावत. एका म्हाताऱ्या गायकाने तर खोडाला मिठी मारली होती. शिवाय दर वर्षी त्यांच्याकडून एक कागद येई, वेल कसा आहे असं विचारणारा, आणि त्यावर उद्यान विभागातून एका ओळीचं उत्तर जाई: वेल सुस्थितीत आहे. खाली सही, मालनबाई बहिरू; निवृत्तीनंतरही सहीला कागद त्यांच्याच घरी येई. पहिल्यांदा ही सही करताना हात थांबला होता. नंतर थांबेना. वेल सुस्थितीत होताच की. मनगटाएवढं खोड झालं होतं, मांडव भरला होता, उन्हात म्हातारी माणसं त्याखाली पेपर वाचत बसत. फळ मात्र नाही, असलंच तर काळे वाटाण्याएवढे मणी, तेही पाखरं खात.

घरी आल्यावर त्या शुभांगीला, सुनेला, एवढंच म्हणाल्या की गुरुवारी बागेत बोलावलंय. शुभांगी भाकरी थापता थापता म्हणाली, "मग आत्या, ती जांभळी पैठणी काढा. फोटो येईल पेपरात. मागच्या वेळी तुम्ही ती फिकी नेसलात, निम्म्या फोटोत तुम्ही आणि मागची भिंत एकच दिसत होतात." संतोष ओझरच्या कारखान्यातून आला तेव्हा त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं कळलेलं होतं. तेजस्विनीने त्याला कार्यक्रमपत्रिका पाठवली होती. त्याने मोबाइल पुढे धरला. बागेत बसवायच्या शिलेचा नमुना होता: काळा दगड, सोनेरी अक्षरं, ग्राबोनित्सचा वेल, संगोपन बहिरू मुकादम व मालनबाई. संतोष बापाचं नाव दोन बोटांनी मोठं करून बघत राहिला. तेव्हा मालनबाईंनी त्याला सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, ताट वाढायच्या आधी. संतोषने ऐकलं, हात धुतले, पाट ओढून बसला.

"कोणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"मग राहू दे. तीस वर्षांत कोणी विचारलं नाही. नेतील काड्या, लावतील, जगली तर जगली. तिथं थंडी, इथं ऊन. नाही लागली तर हवामानावर जाईल. बाबांच्या नावाला कशाला हात लावतेस?"

"ती बाई जाणकार हाय म्हणे."

"जाणकार असली तरी पाहुणी आहे आई. पाहुणी भर कार्यक्रमात थोडीच म्हणेल, तुमचं खोटं आहे म्हणून?"

शुभांगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आत्यांनी लपवलं म्हणजे चांगलंच लपवलं. त्यांनी ठेवलेल्या माझ्या बांगड्यासुद्धा आजपर्यंत सापडल्या नाहीत." आणि हसली, आणि कोणी हसलं नाही म्हणून परत तव्याकडे वळली.

मधले दिवस गेले. मालनबाईंनी कुंड्यांतली माती उकरली, परत भरली. वाण्याकडून हळद आणली, घरात आधीच होती. वाईट कशाचं वाटतंय ते त्या शोधत होत्या, आणि ते पकडीत येत नव्हतं. पकडलं जाण्याची भीती होती, पण ती जुनीच, पायातल्या कुरुपासारखी, सवयीची. शिलेवरचं नाव, ते हवंच होतं. मुकादम आयुष्यभर रजिस्टरात राहिले, दगडावर कधी आले नाहीत. नवीन होतं ते दुसरंच. आजवर त्यांनी ग्राबो म्हणजे एक गाव असं कधी धरलंच नव्हतं. ग्राबो म्हणजे एक पत्र, एक ताफा, हातावर ठेवलेलं चॉकलेट. आता एक पडलेली भिंत डोळ्यापुढे येत होती. भिंतीपुढे चौक असेल, चौकात रोज जाणारी-येणारी माणसं असतील, आणि सवयीने वर बघत असतील. त्या जागी जाऊन तो खुंट उभा राहणार. मांडव भरेल, जोरात भरेल, त्याला जोर फार. तीन वर्षांनी माणसं घडांची वाट बघतील.

बुधवारी त्या छाटणीची कात्री पदराखाली घेऊन बागेत गेल्या. छाटायचंच, असं ठरवून गेल्या होत्या. सवयीने हात चालला, म्हातारपण, फोनवर नीट ऐकू आलं नाही; कारणं तीन होती आणि सगळी खपण्यासारखी होती. सप्टेंबर संपत आलेला, वेल गच्च पानांनी भरलेला. कोपऱ्यात शिला आधीच बसवलेली, वर गुलाबी कापड, त्यावर सिमेंटचे शिंतोडे. मांडवाखाली तेजस्विनी एका कामगाराला खुर्च्यांची जागा दाखवत होती. सव्वीस-सत्तावीसची पोर, कंत्राटावरची, गळ्यात ओळखपत्र. तिने मालनबाईंना बसवलं, पाण्याची बाटली दिली, आणि भडाभडा बोलत सुटली. गेल्या वर्षी तिच्या टेबलावर भगिनी शहरांच्या पाच फायली आल्या. पाच शहरं, पाच देश. चारांचं शेवटचं पत्र दहा-बारा वर्षांपूर्वीचं. साहेब बदलतात, महापौर बदलतात, इकडचे बदलतात, तिकडचे बदलतात, पहिल्या वर्षीचा फोटो तेवढा भिंतीवर राहतो. "मी विचार केला, ही एकच फाईल जाड का? उघडून बघते तर दर वर्षी तुमची एक ओळ. दर वर्षी, आजी! एवढंच लागतं हो. मोठे दौरे नाही लागत. कोणीतरी एक माणूस दर वर्षी खरं उत्तर देणारं लागतं. मी आता बाकीच्या चारांनासुद्धा तसंच लिहायला लागलेय. दोघांची उत्तरं आलीत." मालनबाईंनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. कात्री मांडीवर पदराखाली होती, तिचं टोक टोचत होतं. वर वाऱ्याने पानं उलटत होती आणि खालची पांढरट लव दिसत होती, इतकी उघड की बाजूने जाणाऱ्या कुणालाही कळावं असं त्यांना वाटलं. त्या उठल्या. "येते गं," म्हणाल्या. कात्री जशी आणली तशीच घरी नेली.

गुरुवारी शुभांगीने जांभळी पैठणी नेसवलीच. साहेब आले, चार-दोन अधिकारी, बँडच्या ऐवजी स्पीकरवर सनई. ग्राबोचे दोन पुरुष, सूट घातलेले, घामेजलेले. आणि ती बाई, साठीची, आखूड केसांची, पायात जाड बूट. नाव मिरेना. नमस्कार करताना मालनबाईंनी तिचे हात पाहिले. नखांच्या कडेला माती होती. स्वागत झालं, गुच्छ झाले, साहेबांनी कुंभमेळ्याचं निमंत्रण दिलं. मग मिरेना मांडवाखाली गेली. खोडाकडे आधी बघितलंच नाही तिने. हात वर केला, एक पान तोडलं, समोर धरलं. मग उलटलं. लवेवरून अंगठा फिरवला.

मालनबाई चार हातांवर उभ्या होत्या. बाईच्या चेहऱ्यावर काय होतंय ते त्यांना अगदी स्पष्ट दिसलं, कारण तसाच चेहरा त्यांनी एकदा पाहिला होता, उकिडव्या बसलेल्या माणसाचा. ती बाई किती तरी वेळ पानाकडे बघत होती. फोटोवाल्याने "मॅडम, मॅडम," केलं. तिने मान वर केली, हसली, फोटोपुरतं, आणि पान आपल्या वहीत ठेवून वही मिटली. तिने वळून एकदा मालनबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मग सूटवाल्या माणसाला ती काहीतरी हळूच म्हणाली आणि त्यानेही हसून मान डोलावली. संतोषचं खरं होतं. पाहुणी बोलणार नव्हती.

साहेब शिलेकडे निघाले. कामगाराने तबकातून नवी कात्री पुढे केली, लाल फीत बांधलेली. मालनबाईंनी ती घेतली. आता काड्या काढायच्या, फडक्यात गुंडाळायच्या, द्यायच्या. बाई त्या घेणार. विमानात बसेपर्यंत नीट धरणार. मग कुठेतरी, दुसऱ्या कुठल्या विमानतळावर, कचऱ्याच्या डब्यात टाकणार. गावात जाऊन सांगणार, वाटेत वाळल्या. आणि कागद येणार नाही. पुढच्या जानेवारीत नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कुणी भांडणार नाही, कुणी करार मोडणार नाही. तेजस्विनी लिहील, आठवण करील, वाट बघेल. आपण काय चुकलो म्हणून फाईल मागून-पुढून चाळत बसेल. मालनबाईंना मुकादमांची ती अठरा वर्षं आठवली. ताटावर बसलेले, पेपर वाचणारे, सगळं वेळच्या वेळी करणारे. समजूतदार. त्या समजूतदारपणाखाली मालनबाईंना एकदासुद्धा रडता आलं नव्हतं.

त्यांनी फीत सोडली नाही, तशीच कात्री तबकात ठेवली.

"तेजस्विनी, इकडं ये. बाईला सांग."

"काय सांगू आजी?"

"ह्यो वेल त्यांचा नाय. त्यांचा मेला. माझ्या हातून मेला. ह्यो खालचा खुंट हाय, जंगली."

तेजस्विनीचा चेहरा उतरला. तिने साहेबांकडे पाहिलं. ते शिलेपाशी गुलाबी कापडाची दोरी हातात घेऊन फोनवर बोलत होते. "आजी," ती अगदी हळू म्हणाली, "नंतर बोलू ना. प्लीज. हे सगळं झाल्यावर."

"नंतर नाय. त्या काड्या घेऊन जातील."

"तुम्हाला कळतंय का, माझं..." ती थांबली. तिच्या गळ्यातलं ओळखपत्र तिने मुठीत धरलं होतं. मालनबाईंनी तिच्याकडे बघितलं. पोरीची नोकरी, पोरीच्या चार फायली, संतोषच्या मोबाइलमधलं सोनेरी नाव. सगळं समोर उभं होतं आणि त्यातलं काहीही त्यांना आता हलकं वाटत नव्हतं. "तुझं नाव नाय यायचं त्याच्यात," त्या म्हणाल्या. "सही माझी हाय. तू फक्त सांग. मला तिची भाषा येत असती तर तुला नसतं म्हटलं."

तेजस्विनीने इंग्रजीत सांगितलं. पहिलं वाक्य अडखळत, मग सरळ. मिरेना ऐकताना तिच्याकडे नाही, मालनबाईंकडे बघत होती. सूटवाला काही बोलू लागला तर तिने हाताने त्याला थांबवलं. साहेबांचा फोन संपला, कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं. त्यांनी दोरी सोडून दिली, घड्याळात पाहिलं, तेजस्विनीकडे एक कडक नजर टाकली, आणि दुसऱ्या बैठकीला उशीर होतोय असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगून ते गेले. अधिकारी त्यांच्यामागे गेले. कापड शिलेवर तसंच राहिलं. संतोष खुर्च्यांच्या मागच्या रांगेत मान खाली घालून उभा होता. सनई चालू होती, मग कुणीतरी ती बंद केली.

मिरेनाने काहीतरी विचारलं. तेजस्विनी म्हणाली, "विचारतायत, कधी."

"अठ्ठ्याण्णव. बावीस मे. शुक्रवार व्हता."

बाईने वही उघडली, पान बाजूला केलं आणि तारीख लिहिली. पेन थांबलं. ती पुन्हा बोलली, या वेळी बराच वेळ. तेजस्विनी सांगू लागली, "त्या म्हणतात, भिंत पडली तेव्हा गावात कोणी रडलं नाही. सगळे म्हणाले, नाशिकला आहे. त्यासुद्धा तसंच म्हणाल्या." एवढं होईपर्यंत ती बाई मांडवाच्या कडेच्या विटांच्या कठड्यावर बसली होती, जाड बूट पुढे पसरून, दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून. माणसं अशी एकाच कारणाने बसतात. मालनबाई पुढे झाल्या, पैठणीचा घोळ आवरला आणि तिच्या शेजारी, सांत्वनाला दारावर गेल्यावर बसतात तशा, थोडं अंतर ठेवून बसल्या. फोटोवाला पुढे येऊ लागला तर तेजस्विनीने त्याला जायला सांगितलं.

थोड्या वेळाने बाईने मान वर न करताच एक प्रश्न विचारला.

"विचारतायत," तेजस्विनी म्हणाली, "त्या दिवशी नेमकं काय झालं."

"पहिल्यापासून सांगू?"

तेजस्विनीने विचारलं. बाईने मान हलवली. तेजस्विनीने ओळखपत्र गळ्यातून काढून खिशात ठेवलं आणि दोघींच्या समोर खाली मातीतच मांडी घातली.

"माझ्या बहिणीच्या पोरीचं लगीन व्हतं," मालनबाई म्हणाल्या, आणि तेजस्विनी ते वाक्य पुढे देईपर्यंत थांबल्या.